सीट बेल्ट आत जायला कंटाळतो, त्याचं काय करायचं?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघंही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे हे आपल्याकडे अनेकांना तेव्हा कळलं. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट बंधनकारक असल्याचं जाहीर केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे बेल्ट न लावल्याचा दंड आहे १००० रुपये.

मग वर्षानुवर्षं सीट कव्हरखाली गाडलेले बेल्ट लोकांनी ओढून बाहेर काढले. बाहेर आले, पण परत आत जाईनात. पुढच्या सीटचीही गोष्ट फार वेगळी नाही. चार-पाच वर्षं जुन्या गाडीतून उतरताना बेल्ट सोडला की तो अर्ध्यावर रेंगाळतो, दारात सापडतो आणि 'टक्' असा आवाज येऊन दार पुन्हा उघडावं लागतं. गॅरेजमध्ये विचारलं तर पहिलं उत्तर मिळतं, 'स्प्रिंग गेली, असेंब्ली बदलावी लागेल.'

खरं तर स्प्रिंग क्वचितच जाते. बेल्ट मळलेला असतो, आणि तो ज्या कडीतून वळतो ती त्याहून जास्त मळलेली असते.

आत नेमकं असतं काय?

पुढच्या सीटचा बेल्ट दोन दारांमधल्या खांबाच्या तळाशी, प्लास्टिकच्या आवरणामागे एका रिळावर गुंडाळलेला असतो. हे रीळ आणि त्याभोवतीची यंत्रणा मिळून जो डबा होतो त्याला रिट्रॅक्टर म्हणतात. तिथून बेल्ट वर जातो, खांद्याच्या उंचीवरच्या कडीतून वळतो आणि खाली तुमच्या छातीवर येतो. मागच्या सीटचा रिट्रॅक्टर सेडानमध्ये बहुधा काचेखालच्या फळीत असतो, हॅचबॅकमध्ये बाजूच्या खांबात.

रिळाच्या एका बाजूला चपट्या पोलादी पट्टीची गुंडाळी स्प्रिंग असते. बेल्ट ओढला की ती आवळते, सोडला की उलगडते आणि रीळ मागे फिरवते. बेल्ट आत घेणं एवढंच तिचं काम. अपघातात तुम्हाला धरून ठेवण्याशी तिचा काही संबंध नाही.

धरून ठेवणारी यंत्रणा वेगळी आहे. एक छोटी गोळी किंवा लोलक गाडीला बसलेला झटका ओळखतो, आणि दुसरा भाग बेल्ट अचानक वेगाने ओढला गेला की ओळखतो. दोघांपैकी एकाने जरी खूण केली तरी दाते अडकतात आणि रीळ थांबतं. चढावर किंवा खड्ड्यात वाकडी उभी केलेली गाडी असेल तर कधीकधी बेल्ट बाहेरच येत नाही, तेव्हा ही गोळी घरंगळलेली असते. तो बिघाड नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमानुसार १२ अंशांपर्यंतच्या तिरकेपणाला बेल्ट अडकता कामा नये, आणि २७ अंशांच्या पुढे अडकलाच पाहिजे.

१९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा बेल्ट आणला तेव्हा हे रीळ नव्हतंच. लांबी हाताने जुळवावी लागे. आपोआप आत जाणारा बेल्ट नंतर आला आणि त्याच्याबरोबर ही तक्रारही आली.

स्प्रिंग मुळातच अशक्त का ठेवतात?

जोरदार स्प्रिंग बसवली असती तर प्रश्नच मिटला असता, असं वाटणं साहजिक आहे. पण ती ओढ दिवसभर तुमच्या छातीवर आणि मानेशी राहणार. पुण्याहून नागपूरला जाईपर्यंत माणूस वैतागून बेल्ट काढून टाकेल. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या त्याच नियमात छातीच्या बेल्टची ओढ १ ते ७ न्यूटन, म्हणजे साधारण १०० ते ७०० ग्रॅम वजनाइतकीच ठेवायला सांगितलं आहे. पट्टा स्वतः मात्र १४.७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन भाराखालीही तुटता कामा नये. दीड टन पेलणाऱ्या पट्ट्याला आत ओढायला पाव-अर्धा किलोची ताकद, असा हा व्यवहार आहे. त्यात जरा कुठे अडथळा आला की गाडं अडलं.

आणखी एक बारकावा आहे. बेल्ट बहुतेक सगळा आत जातो आणि शेवटचा हातभर तेवढा लोंबत राहतो, हे तुम्ही पाहिलं असेल. बेल्ट पूर्ण बाहेर असताना स्प्रिंग सगळ्यात आवळलेली असते, म्हणजे जोर सगळ्यात जास्त. जसजसा बेल्ट आत जातो तसतशी ती सैलावते. शिवाय रिळावर थर चढत गेल्याने गुंडाळीचा घेर वाढतो, आणि घेर वाढला की तेवढ्याच पिळाची ओढ कमी पडते. शेवटच्या हातभर पट्ट्यासाठी ताकद सगळ्यात कमी उरते आणि घर्षणाचा पहिला फटका तिथेच बसतो.

खरी अडचण वरच्या कडीत

उधळलेला बैल नुसता दोर हातात धरून आवरत नाही. तोच दोर खुंटाला दोन वेढे देऊन धरला तर पोरसवदा मुलगाही आवरू शकतो. वळशावरचं घर्षण ओढीतून काही ग्रॅम वजा करत नाही, ते तिचा ठरावीक हिस्सा खातं. बेल्टही कडीवर जवळजवळ उलटा वळतो, म्हणून तिथे हाच हिशेब लागू पडतो.

समजा, स्प्रिंग ४०० ग्रॅमने ओढते आहे आणि स्वच्छ कडीतून त्यातली निम्मी ओढ पलीकडे पोचते, म्हणजे २००. आता मळामुळे घर्षण दुप्पट झालं. पलीकडे पोचणारी ओढ निम्म्याची निम्मी होते. म्हणजे फक्त १००. तेवढ्यातच पट्ट्याचं आणि त्याच्या धातूच्या जिभेचं वजन उचलायचं असतं. स्प्रिंग आहे तशीच आहे, तिची मेहनत वाटेत जिरते.

हा मळ बघायचा असेल तर कडीच्या आतल्या बाजूने, जिथे पट्टा घासतो तिथे नख फिरवा. काळपट-तपकिरी, चकचकीत, मेणासारखा थर नखाला लागतो. घाम, केसांचं तेल, सनस्क्रीन आणि रस्त्यावरची धूळ यांचं ते मिश्रण असतं. पांढऱ्या फडक्याने पुसलं तर पहिल्याच पुसण्यात काळी रेघ उमटते. पट्ट्याचा जो भाग रोज मानेशी घासतो तोही असाच कडक आणि तुळतुळीत झालेला दिसतो. ड्रायव्हरचाच बेल्ट आधी का मंदावतो, ते इथे कळतं. मागचे बेल्ट न वापरल्यामुळे वेगळ्या तऱ्हेने बिघडतात. कव्हरखाली दुमडून कडक होतात, कडा वळतात, आणि कोकणात, गोव्यात पावसाळ्यात गाडी आठवडाभर बंद राहिली की बुरशीही धरतात.

दोष बेल्टचा, कडीचा की रिळाचा?

हे घरीच, अवजारांशिवाय कळतं. बेल्ट सावकाश बाहेर ओढा. मग हाताने कडीतून उलटा सरकवत रिळाच्या बाजूला थोडी ढील द्या, म्हणजे कडी आणि बेल्ट जिथून बाहेर येतो ती खालची फट यांच्यामध्ये पट्टा सैल पडेल. आता बघा, रीळ ती ढील गपकन आत घेतं का? घेत असेल तर स्प्रिंग ठणठणीत आहे, अडचण कडीत. तिथेही रेंगाळत असेल तर पट्टा मळला असेल किंवा रिट्रॅक्टरमध्ये काही असेल.

त्याआधी दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टी तपासा, कारण बऱ्याचदा घोडं तिथेच पेंड खातं. एक, पट्टा कडीत पिळला किंवा दुमडला आहे का. दोन, बाजारातून शिवून आणलेलं सीट कव्हर, मागच्या फळीवर ठेवलेला स्पीकर किंवा उशी बेल्टवर दाब देते आहे का. डेंटिंग-पेंटिंग करून आणल्यावर बेल्ट बिघडला असेल तर प्लास्टिकचं आवरण नीट बसलेलं नाही किंवा रिट्रॅक्टर किंचित तिरका बसवला आहे अशी शंका घ्यायला हरकत नाही. तिरका बसला की आतली गोळी जागेवर राहत नाही आणि बेल्ट उगाच अडकतो. ते काम ज्याने केलं त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.

धुवायचा कसा?

सकाळी सुरू करा, कारण धुण्यापेक्षा वाळायलाच जास्त वेळ लागतो. बेल्ट सावकाश, शेवटपर्यंत बाहेर ओढा. झटका दिलात तर तो अडकेल. खालच्या फटीजवळ कपड्यांचा घट्ट चिमटा किंवा सुताराचा छोटा क्लॅम्प लावा, म्हणजे पट्टा मागे पळणार नाही. ओढच एवढीशी असते की चांगला चिमटा पुरतो. काही गाड्यांत बेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर परत जाताना 'टिकटिक' असा आवाज येतो आणि मग तो मधूनच बाहेर येत नाही. लहान मुलांची सीट घट्ट बांधण्यासाठी ती सोय असते. पूर्ण आत जाऊ दिला की आपोआप सुटते.

धुण्याआधी पट्टा दोन्ही बाजूंनी नीट बघा. कड उसवली आहे, कुठे चीर गेली आहे, सिगारेटने जळाल्याची खूण आहे, दारात चेपून धागे तुटले आहेत, यातलं काहीही दिसलं तर धुवत बसू नका, तो बदलायचाच आहे.

कोमट पाण्यात शाम्पू किंवा लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण घाला. मऊ ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवा घासलात तर विणीचे धागे उचकटतात. मग स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढत राहा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. दोन-तीन वेळा पाणी बदलावं लागेल. साबण पट्ट्यात राहू देऊ नका, तो वाळून पुन्हा चिकट होतो आणि धूळ ओढतो. पाणी पट्ट्यावरून ओघळत फटीतून खाली रिट्रॅक्टरमध्ये जाऊ देऊ नका. चिमट्याच्या वर एक कोरडं फडकं गुंडाळलं की ओघळ तिथेच थांबतो.

ब्लीच, फिनेल, अ‍ॅसिड, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही वापरायचं नाही. पट्टा पॉलिएस्टरचा असतो आणि त्याची सगळी ताकद धाग्यांत असते. रसायनाने धागा कमजोर झाला तरी वरून कळत नाही. डाग राहिला तर राहू दे. रंग तर मुळीच लावू नका.

आता कडी. खरं काम इथे आहे आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. पातळ सुती फडकं साबणाच्या पाण्यात किंवा औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळा, कडीच्या फटीतून आरपार घाला आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. फट अरुंद असेल तर जुन्या एटीएम कार्डावर फडकं गुंडाळून घाला. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. कडीवर ओरखडा पडला की तो पुढे कायम पट्टा कातरत राहतो. कडीतला मळ बेल्ट मंद करतो आणि ती साबणाच्या पाण्याने किंवा अल्कोहोलने पुसा, हे होंडाच्या ओनर्स मॅन्युअलमध्येही लिहिलेलं आहे. बहुतेकांकडे मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून असतं, एवढंच.

चिमटा न काढता पट्टा सावलीत वाळू द्या. उन्हाळ्यात अर्धा दिवस पुरतो. पावसाळ्यात रात्रभर ठेवा आणि शक्य असेल तर दार उघडं ठेवून पंखा लावा. ओला पट्टा आत गेला तर रिळावर बुरशी धरेल, आतले लोखंडी भाग गंजतील आणि केलेली मेहनत वाया जाईल. वाळल्यावर चिमटा काढा, पट्टा हाताने सरळ धरून आत जाऊ द्या आणि चार-पाचदा बाहेर-आत करा.

बेल्ट कोरा करकरीत असताना जसा सुटायचा तसा सुटेलच असं नाही. दार लावण्याआधी तो जागेवर गेला म्हणजे काम झालं.

'एवढं कशाला? स्प्रे मारला की होतं ना?'

होतं, थोडे दिवस. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे किंवा सिलिकॉन कडीवर मारला की बेल्ट लगेच सटासट जातो, म्हणून गॅरेजमध्ये हा उपाय लोकप्रिय आहे. पण तेलावर धूळ बसते आणि काही दिवसांत तिथे आधीपेक्षा जाड लगदा तयार होतो. तो पट्ट्यात मुरतो, शर्टाला लागतो, आणि उडालेला स्प्रे रिट्रॅक्टरमध्ये गेला तर जिथे दाते आणि गोळी मोकळी हलायला हवी तिथेही चिकटा होतो. मळावर तेल ओतून मळ जात नाही. काही मेकॅनिक कडीवर घर्षण कमी करणारी गुळगुळीत टेप लावतात. आधी कडी स्वच्छ केली असेल तर ते चालण्यासारखं आहे, फक्त टेपची कड उचकटली की लगेच काढून टाका.

'व्हिडिओत तर स्प्रिंगला दोन वेढे जास्त देतात'

देतात, आणि बेल्ट जोरात जातोही. तरीही रिट्रॅक्टर उघडायचा नाही, यावर माझं मत पक्कं आहे. त्या डब्यात दाबून बसलेली पोलादी पट्टी झाकण निघताच सुटते आणि हात कापते. ती लांबलचक पट्टी परत आत बसवणं घरच्या टेबलावर होणारं काम नाही. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर असतो. टक्कर झाल्याक्षणी छोटी स्फोटक पुडी पेटवून बेल्ट काही सेंटिमीटर मागे ओढणारी ही सोय आहे. तिची वायर आणि कनेक्टर सहसा पिवळ्या रंगाचे असतात. पिवळं काही दिसलं की हात मागे घ्यायचा. मशीनमध्ये स्फोटक आहे हे माहीत नसताना ते हातोडीने ठोकणारे लोक आहेत, म्हणून हे सांगावं लागतं.

'उशिरा गेला तरी लॉक तर होतो ना?'

बहुधा होतो. बेल्ट झटक्याने ओढून बघा, अडकला तर ती यंत्रणा चालू आहे. पण लॉक होणं वेगळं आणि अंगाशी घट्ट बसणं वेगळं. मंद बेल्ट लावल्यावर उरलेली ढील आत घेत नाही, ती छातीवर तशीच राहते.

या ढिलीची किंमत काढता येते. गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटरने जाते आहे आणि आदळून एक दशांश सेकंदात थांबते, असं धरू. छातीवर १० सेंटिमीटर ढील आहे. ती संपेपर्यंत सुमारे साडेतीन शतांश सेकंद जातात. थांबायला मिळालेल्या वेळातला तिसरा हिस्सा संपला, गाडीचा वेग एक तृतीयांश घटला, तुम्ही मात्र अजून साठनेच पुढे निघाला आहात. म्हणजे तुम्ही बेल्टवर ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या फरकाने आदळता. घट्ट बेल्टमध्ये तुम्ही गाडीबरोबर सुरुवातीपासून मंदावला असतात. हिशेब ढोबळ आहे, खऱ्या टकरीत वेग असा एकसारखा घटत नाही. पण बरगड्यांवर काय येणार त्याचा अंदाज येतो.

प्रीटेन्शनर ही ढील काढेल असं कोणी म्हणेल. थोडी काढेल, जर तो असेल तर. मागच्या सीटला तो अनेक गाड्यांत नसतो. कमरेशी सैल पडलेल्या आणि पिळलेल्या पट्ट्यापुढे त्याचंही फार चालत नाही.

याच कारणाने बेल्ट मुद्दाम सैल ठेवणाऱ्या क्लिपा घेऊ नका. बेल्ट न लावता नुसता अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा त्याहून वाईट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या आणि १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. तरी रस्त्याकडेच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मागितल्या तर त्या अजून मिळतात.

बदलायचाच असेल तर

बेल्ट आणि कडी स्वच्छ केली, पट्टा सरळ आहे, दाब कशाचा नाही, आणि तरीही रीळ ओढत नाही, किंवा झटका देऊनही लॉक होत नाही, तर मात्र अख्खी असेंब्ली बदला. जोराची टक्कर झालेल्या गाडीतला बेल्ट वरून चांगला दिसला तरी बदलायचा. टकरीत पट्ट्याचे धागे ताणलेले असतात. अनेक रिट्रॅक्टरमध्ये छातीवरचा जोर मर्यादेत ठेवणारा एक धातूचा दांडा असतो, तो पिळला गेला की दुसऱ्यांदा कामाचा नसतो. उडालेला प्रीटेन्शनरही पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे जुन्या पार्टच्या बाजारातून स्वस्तात बेल्ट आणण्यात शहाणपणा नाही. तो कुठल्या गाडीतून निघाला आणि त्या गाडीचं काय झालं होतं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आरसा, दिवा, दाराचं हँडल जुनं आणा, बेल्ट नको.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर गाडीचा चासी नंबर टाकून रिकॉल आहे का ते पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने पुढच्या बेल्टची खांद्याची उंची जुळवणाऱ्या भागात दोष असू शकतो म्हणून ९,१२५ गाड्या परत बोलावल्या होत्या. अशा वेळी काम फुकट होतं. रिकॉल नसेल तर काम करायला देण्याआधी विचारा की कडी साफ करून पाहिली का. बदललाच तर बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, जुना बेल्ट दाखवायला सांगा, आणि गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा. दिवा विझला नाही तर तो पिवळा कनेक्टर नीट बसलेला नसण्याची शक्यता आहे, गाडी तिथेच परत द्या.